खो-खोच्या मैदानाच्या कडेला

आमचं घर लातूरला, डाळमिलच्या मागच्या गल्लीत. तुरीचा हंगाम सुरू झाला की खिडकीच्या गजांवर पिवळसर भुकटी बसायची आणि माझी छाती वाजायला लागायची. दमा आहे हे कळलं तेव्हा मी चौथीत होते. डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक रोज घ्यायचा, दुसरा, निळा, दम लागला तरच.

अहमदपूरची आत्या आली, तिनं रोजचा पंप बघितला आणि आईला म्हणाली, "लेकराला आत्तापासूनच सवय लावायलीस का? उद्या लग्नाच्या वेळी काय सांगणार हाईस?"

रोजचा पंप कपाटात गेला. निळा तेवढा दप्तरात राहिला.

मला खो-खो लई आवडायचा. पण पळलं की दम लागायचा, पंप काढला की पोरी टक लावून बघायच्या. हळूहळू मी पळणंच सोडलं. खेळाच्या बाईंनी मला गुण लिहायला बसवलं. तपासणीला गेलं की डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?" आई म्हणायची, "न्हाई, आता बरी हाय." तिला दिसत होतं त्यापुरतं ते खोटं नव्हतं. बसून राहिलेल्या पोरीचा दम कुणाला दिसणार?

नववीत जायच्या उन्हाळी सुट्टीत आईसोबत नांदेडला मामाकडे गेले आणि खोकल्यानं बेजार झाले. मामीनं मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई बोलायला लागली तसं त्यांनी तिला हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"रात्री खोकल्यानं जाग येते?"

"येते कधी कधी."

"निळा पंप आठवड्यातून कितीदा लागतो?"

"तीन-चारदा तरी."

"आणि खेळतेस काय?"

"गुण लिहिते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खेळ सोडून बरं राहणं म्हणजे दमा आटोक्यात असणं नव्हे, बाळा."

मग पंप कसा घेतेस ते दाखव म्हणाल्या. निम्मं औषध तोंडातच राहत होतं. त्यांनी रोजचा पंप पुन्हा लिहून दिला, पंपाला लावायची नळी दिली, औषध घेतल्यावर चूळ भरायला सांगितलं. आईनं सवयीचं विचारलं, तर म्हणाल्या, "सवय लागेल म्हणून पोरीचा चष्मा काढून घ्याल का?"

बसस्टँडवर आईनं विचारलं, "मला सांगितलं का न्हाईस गं?"

"मला वाटलं, दमा असला की असं होतंच."

घरी पोचल्यावर तिनं कपाटातला जुना पंप फेकला आणि नवा माझ्या उशाशी ठेवला.

रोजचा पंप सुरू झाला आणि दिवाळीपर्यंत मी रात्रभर झोपायला लागले. एका दुपारी मैदानात पळाले. खेळाच्या बाई ओरडल्या, "अगं, इतकी वर्षं कुठं होतीस?" वर्गावर्गांतला एक सामना खेळले. मग दहावी आली, शिकवण्या लागल्या, मैदान सुटलं ते सुटलंच.

आता दमा आटोक्यात आहे. तरी भाजी निवडता निवडता आई मधेच थांबते. "तू चांगली खेळली असतीस गं," म्हणते. मी तिच्या हातातली जुडी घेते आणि निवडायला लागते.