चार तारांना दोन भोंगे

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधलं मला काडीचंही कळत नाही. म्हणूनच मी सोबत तज्ज्ञ नेला.

तज्ज्ञ म्हणजे माझा मेहुणा दत्ता. कन्नड गावी त्याचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. (तालुक्यातली निम्मी लग्नं आपल्याच आवाजात लागली, असं तो सांगतो.) आमची लेक सायली, तिच्याकडे बेस गिटार आहे, म्हणजे चार जाड तारांची, ढुम्म आवाजाची. रविवारी कॉलेजातल्या चार मुली घरी येऊन तिचं वाजवणं ऐकणार होत्या. पसंत पडलं तर तिला बँडमध्ये घेणार होत्या. शनिवारी तिचं प्रॅक्टिकल, म्हणून तिनं मला चिठ्ठी दिली : ‘बेसचा अ‍ॅम्प. छोटा. खोलीपुरता.’

क्रांती चौकातल्या वाद्यांच्या दुकानदारानं उशीएवढा खोका पुढं ठेवला. दत्तानं तो एका हातानं उचलला आणि तोंड वाकडं केलं.

“दाजी, याला वजनच नाय! यात आवाज ठेवला कुठं?”

“चिठ्ठीत छोटाच लिहिलाय रे.”

“पोरगी लाजाळू हाय. आपण समजून घ्यायचं. ऐकायला किती पाव्हणे येणार?”

“चार.”

“आज चार. उद्या चारशे!”

मला ते एकदम पटलं. (दत्ताचं मला नेहमीच पटतं. तोच माझा आजार, असं माझी बायको सुनंदा म्हणते.) त्याच्या ओळखीच्या दुकानातून लग्नाचा अ‍ॅम्प्लिफायर, दोन भोंगे आणि एक माइक घेऊन आम्ही रिक्षानं घरी आलो. भोंगे खोलीत मावेनात, म्हणून गॅलरीच्या गजांना बांधले. तोंडं सोसायटीकडे!

रविवारी ते बघून सायली एवढंच म्हणाली, “बाबा, चिठ्ठी वाचली होती ना?”

तेवढ्यात मुली आल्या. नाइलाजानं तिनं वायर जोडली. काचा फुटू नयेत म्हणून मी खिडकी धरून उभा राहिलो. पहिली तार छेडली...

टिक्. टिक्. टिक्.

“मामा, भोंग्यातून जाड आवाज निघतच नाही!” सायली रडकुंडीला आली.

“नवरदेवाच्या मामाचा तर निघतो,” दत्ता पुटपुटला.

मी त्याला गॅलरीत ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणालो, “ही वाजवतेय का नखं कापतेय? आणि हे बघ, दुकानदार बरोबर देत होता, आपणच नको म्हणालो, हे सुनंदाला कळू देऊ नको!”

माइक गॅलरीतच होता. चालू होता.

“अहो, कळलं!” स्वयंपाकघरातून सुनंदा.

“वहिनी, आम्हाला बी कळलं!” समोरच्या इमारतीतून कुणीतरी.

चारही मुली पोट धरून हसत होत्या. सायलीनं शांतपणे वायर उपटली, गिटारचं टोक लाकडी कपाटाच्या दाराला टेकवलं आणि तार छेडली. ढुम्म! अख्खं कपाट गाऊ लागलं. मुलींचं हसू थांबलं, माना डोलू लागल्या. वाजवून झाल्यावर एकजण म्हणाली, “मंगळवारी तालमीला ये. कपाट नको आणू.”

सोमवारी सायलीनं मला हाताला धरून त्या पहिल्या दुकानात नेलं आणि उशीएवढा खोका आणला. भोंगे मात्र गॅलरीतच राहिले. आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ते आल्याचं सांगायचं काम सोसायटीनं माझ्यावर सोपवलं. सायलीच्या बँडला हल्ली टाळ्या पडतात. माझ्या कार्यक्रमाला टाळ्या नसतात. पण पहिल्या ‘हॅलो’लाच तिन्ही मजल्यांवर बादल्या वाजतात!