बाबांच्या टी-शर्टांची गोधडी

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला दीड महिना तीन गोष्टी बंद केल्या. चुलीपुढे बसणं, वाकून काम करणं आणि सुईदोरा. पहिल्या दोन गोष्टींना ती काही बोलली नाही. सुईदोऱ्याचं ऐकल्यावर मात्र तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा सल्ला मीच डॉक्टरांच्या कानात सांगितला होता. बोर्ली आणि दिवेआगरच्या मधल्या आमच्या गावात तिच्या हातची गोधडी नसलेलं घर शोधावं लागेल. लेकीबाळींची बाळंतपणं, नव्या सुना, सगळ्यांसाठी तिने शिवलं. आता ती काळा चष्मा लावून पडवीत बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "बसवून ठेवलंय मला."

मी पनवेलला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आले होते. धाकटा भाऊ लांब नोकरीला, आणि बाबांच्या हातात डोळ्याचे थेंब द्यायची सोय नव्हती. ते थेंब गालावर पाडायचे आणि म्हणायचे, "गेला आत."

डोळा पुसायला मऊ सुती कापड हवं होतं म्हणून मी खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. वर आईची जुनी लुगडी होती. त्यांच्याखाली घड्या घालून ठेवलेले बाबांचे टी-शर्ट निघाले.

बाबा मुंबईच्या एका सहलकंपनीत आचारी होते. प्रवाशांच्या बरोबर ते देशभर फिरले. फिरले म्हणजे शेगड्या, पातेली आणि कांद्याच्या गोण्या घेऊन फिरले. प्रवासी देऊळ बघायला जायचे तेव्हा बाबा हॉटेलच्या मागच्या अंगणात पुऱ्या लाटत असायचे. पण प्रत्येक ठिकाणी तासभर तरी ते मोकळे व्हायचे आणि रस्त्यावरून एक टी-शर्ट घ्यायचे. परत येताना बोर्लीला एसटीतून उतरण्याआधी अंगातला सदरा काढून पिशवीत टाकायचे आणि नवा टी-शर्ट चढवायचे, म्हणजे स्टँडपासून घरापर्यंत सगळ्यांना कळावं. आईला वाचता येत नव्हतं. ती मला पुढे ढकलून विचारायची, "बघ गं, कुठून आलेत?" मी बोट लावून एकेक इंग्रजी अक्षर जुळवायचे. माझं इंग्रजी शाळेच्या आधी बाबांच्या छातीवर सुरू झालं.

सोळा टी-शर्ट होते. दार्जिलिंग, उटी, जयपूर, पुरी, कन्याकुमारी, गंगटोक. काहींवर तपकिरी डाग होते. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात आमचे पत्रे उडाले, वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या आणि ट्रंकेत पाणी शिरलं, तेव्हाचे ते डाग. चार दिवसांनी ऊन पडल्यावर आईने हे सगळे धुऊन पडलेल्या सुपारीच्या खोडांवर वाळत घातले होते. तेव्हा घरात धड कोरडी चादर नव्हती आणि ही टी-शर्ट धुतेय, म्हणून मीच तिच्यावर चिडले होते.

"आई, ह्यांची गोधडी करूया," मी म्हटलं.

"बनियनच्या कापडाची?" ती म्हणाली. "ते ताणतं. गोधडी होणार न्हाय, जाळं होईल."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच विचारलं, "आत काय घालणार?" आणि मला कळलं की ती आता गप्प बसणार नाही.

मी बोर्लीच्या शिंप्याकडे टी-शर्ट नेऊन दाखवले. त्यानेही मान हलवली. मशीनवर ह्याला लाटा येतील, म्हणाला. मग त्याने इस्त्रीने चिकटणारा कॅनव्हास दिला. चौकोन कापायच्या आधी मागून हा चिकटवा, मग कापड हलणार नाही. मी घरी येऊन पहिलाच दार्जिलिंगचा शर्ट घेतला आणि इस्त्री उलट्या बाजूने फिरवायच्या ऐवजी सुलट्या बाजूने फिरवली. शर्टावरच्या छोट्या रेल्वेच्या चित्रातलं इंजिन इस्त्रीला चिकटून वर आलं. डबे शर्टावरच राहिले. बाबा पडवीतून वाकून बघत म्हणाले, "इंजिन सुटलं वाटतं." दोन दिवस त्यांना हा विनोद पुरला.

आई हुकूम सोडायची आणि मी शिवायचे. आत तिची दोन मऊ झालेली लुगडी, खाली तिसरं, वर टी-शर्टांचे चौकोन, आणि सगळ्यांतून आरपार धावदोरा. तिला टाके दिसत नसत, म्हणून ती बोटाने तपासायची. माझ्या ओळीवरून अंगठा फिरवत जायची आणि मध्येच थांबायची. "हितं उडी मारलीस." मी उसवायचे. वीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणारी मी, वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखी व्हायचे.

बाबांना मी काम दिलं होतं, एकेका शर्टाची गोष्ट सांगायची. मी वहीत लिहून घेत होते. पुरीला माकडाने गुळाची ढेप पळवली. जयपूरला एका आजीबाईंनी उपासाचं मागितलं आणि गावभर साबुदाणा मिळेना. उटीला थंडीने पीठ फुगेना, तर बाबांनी परात आपल्या अंथरुणात घेतली. ते सांगायचे आणि आई चष्म्याआडून हसायची. ह्या गोष्टी तिने शंभरदा ऐकल्या होत्या, तरी माकडाच्या वेळी ती आधीच हसायला लागायची.

एका दुपारी मी काश्मीरचा शर्ट हातात घेतला. निळा, त्यावर शिकारा आणि मागे डोंगर. तो आम्हा भावंडांचा सगळ्यात लाडका. बाबा काश्मीरहून आले त्यानंतर महिन्याभरात भाऊ जन्मला. लहानपणी आम्ही बाबांना बर्फाचंच विचारायचो. बर्फावरून चालताना कसा आवाज येतो, पहाटे तंबूच्या दोऱ्या काठीसारख्या ताठ कशा होतात, नळाचं पाणी गोठलं की नळाखाली जाळ कसा करतात. मी चौथीत त्यावर निबंध लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

"बाबा, काश्मीर," मी म्हटलं आणि पेन उघडलं.

बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "तो राहू दे," ते म्हणाले. "त्याचा रंग गेलाय."

"कुठे गेलाय? सगळ्यांत चांगला हाच आहे."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, मी काश्मीरला गेलोच नव्हतो."

मला आधी वाटलं, ते चेष्टा करतायत. पण त्यांचा आवाज तसा नव्हता. सहल निघायच्या आदल्या दिवशी त्यांना मुंबईत उलट्या सुरू झाल्या. डोळे पिवळे झाले. कावीळ. कंपनीने दुसरा आचारी पाठवला आणि बाबा सतरा दिवस सरकारी दवाखान्यात पडून राहिले. इकडे आईला आठवा सरत आला होता. मी चार वर्षांची. कळवलं तर ती तशा अवस्थेत मुंबईला धावत येईल, म्हणून त्यांनी कुणालाच कळवलं नाही. दवाखान्यातून सुटल्यावर फुटपाथवर काश्मीरचा शर्ट दिसला, तो घेतला आणि एसटीत बसले.

"मग ते बर्फाचं?" मी विचारलं. माझ्या आवाजात राग होता, हे मला नंतर कळलं. चाळिशी उलटलेली बाई मी, पण त्या क्षणी मला चौथीतला निबंध आठवत होता.

"शेजारच्या खाटेवर एक फौजी होता," बाबा म्हणाले. "पाय मोडला होता त्याचा. सहा वर्षं तिकडेच काढलेली. त्याला भेटायला कोण यायचं नाही, मला पण नाही. दिवसभर तो सांगायचा, मी ऐकायचो. तंबू, दोऱ्या, नळाखालचा जाळ, सगळं त्याचं. खोटं एकच. मी होतो म्हणून सांगितलं."

मी आईकडे बघितलं. तिला काय वाटेल याची मला भीती वाटली. ती चष्मा नीट करत होती.

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली. "काय माहीत हाय?"

"कावीळ झालती ते. काश्मीर बघून आलेला माणूस सुरमईच्या कालवणाला न्हाय म्हणतो? आल्या दिवशी ताकभात मागितलात तुमी. डोळे बघितले की मी." ती माझ्याकडे वळली. "म्हयनाभर ह्यांना सकाळी ताक देत व्हते बघ, त्यात काविळीवरचा भुईआवळा वाटून घालायची. विचारलं तर सांगायची, थंडावा हाय."

"ते कडू ताक?" बाबा म्हणाले.

"व्हय. तोंड वाकडं करून प्यायचात."

बाबा हळूच म्हणाले, "एवढी वर्षं बोलली का न्हाईस?"

"काय बोलायचं? माझ्या जिवाला घोर नको म्हणून तुमी लपवलंत. आणि मग पोरांना एवढं रंगवून सांगत व्हतात, पोरं आ करून ऐकत व्हती. मी पण ऐकत व्हते. चांगलं सांगायचात."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि आपला चष्मा पुसायला घेतला. मी वही बंद केली. माझा राग कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. नववा महिना लागलेलं पोट घेऊन परड्यात भुईआवळा शोधणारी आई डोळ्यांपुढे येत होती. माझं तेव्हाचं वय बघता मीही तिच्या मागे मागे असणार, पण मला त्यातलं काहीच आठवत नाही.

"तो निळा मधोमध घाल," आई म्हणाली. "आणि कॅनव्हास उलट्या बाजूने चिकटव."

सुट्टी संपली तेव्हा गोधडी अर्धी झाली होती. पुढे मी शनिवार-रविवार येऊन शिवत राहिले. दीड महिना सरल्यावर डॉक्टरांनी आईला सुई हातात घ्यायला परवानगी दिली. तिने गोधडी उजेडात धरली, नव्या डोळ्याने नीट बघितली आणि म्हणाली, "बाय, अंगठ्याला बरं लागत व्हतं गं." टाके सगळीकडे वाकडे होते. तिने एक ओळ उसवली, पुन्हा घातली, दुसरीकडे बघितलं आणि बाकीचं तसंच राहू दिलं. कडेची पट्टी मात्र तिने स्वतः घातली, तिच्या आंबा रंगाच्या लुगड्याची.

शिमग्याला भाऊ त्याच्या दोन्ही मुलींना घेऊन आला. मुलींनी गोधडी पडवीत पसरली आणि त्यावर पालथ्या पडून एकेक चौकोन वाचायला लागल्या. बाबा भिंतीला टेकून सांगत होते. पुरीचं माकड झालं, उटीची परात झाली. धाकटीने निळ्या चौकोनावर हात ठेवला. भाऊही तिथेच बसला होता. त्याला मी फोनवर काही सांगितलं नव्हतं.

बाबांनी घसा साफ केला. "हा मुंबईचा," ते म्हणाले. "तुमचा पप्पा जन्मायचा होता तेव्हाचा. मी दवाखान्यात होतो." आणि त्यांनी फौजीची गोष्ट सुरू केली. त्याचा मोडका पाय, त्याच्या उशाशी ठेवलेलं पितळी भांडं, सगळं. त्यातलं बरंचसं मीही कधी न ऐकलेलं. भावाने मोबाइल खाली ठेवला. थोरलीने विचारलं, "मग त्याला न्यायला कोण आलं?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "मी आधी सुटलो. जाताना त्याला माझा सदरा देऊन आलो, त्याच्याकडे धड नव्हता. म्हणून तर शर्ट घ्यावा लागला."

हे आईलाही माहीत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात पुरणाचे हात घेऊन उभी होती. जेवायला बसल्यावर तिने बाबांच्या ताटात न विचारता आणखी एक पोळी वाढली आणि त्यांनीही नको म्हटलं नाही.

संध्याकाळी धाकटीच्या हातून गोधडीवर सोलकढी सांडली. मी घाबरले, कारण शर्टांचे रंग जातील अशी मला खात्री होती. आईने गोधडी गोळा केली आणि विहिरीकडे निघाली. "गोधडी हाय ती," ती म्हणाली, "धुवायला नको?"

जयपूरचा लाल थोडासा कन्याकुमारीत उतरला.