रस्त्यात उभी बैलगाडी

मुलाची दहावीची परीक्षा संपली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो माझी मोटारसायकल पुसत बसलेला दिसला. एरवी दहा वेळा सांगितल्याशिवाय फडकं हातात न घेणारा मुलगा. मी काय ते समजलो.

"शिकायची आहे?"

"हो नाना. शिकवाल?"

मी तेव्हा फैजपूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो. गाडी सेकंडहँड होती, पण घरातली सगळ्यात किमती वस्तू तीच. मुलाला लायसनसाठी अजून दोन वर्षं होती. आमच्याकडे त्या काळी ते कोणी विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही तो विचार केला नाही. मनात वेगळीच गोष्ट होती. मुलगा अभ्यासात कच्चा. माझ्याच विषयात कसाबसा पास होणारा. मास्तरचा मुलगा असून असा, हे वाक्य मी स्टाफरूममध्ये माझ्या पाठीमागे ऐकलेलं होतं. निदान गाडी तरी धड शिकेल, असं वाटलं आणि मी हो म्हणालो.

आठवडाभर शाळेच्या पटांगणात शिकवलं. पहिल्या दिवशी क्लच एकदम सोडला तर गाडी उडी मारते, एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडी न बंद पडता हलली. तिसऱ्या दिवसापासून मात्र मी बघतच राहिलो. इंजिनचा आवाज बदलला की त्याचा पाय आपोआप गिअरवर जायचा. मी पटांगणात विटा मांडून दिल्या आणि त्यांच्यामधून इंग्रजी आठाचा आकडा काढायला सांगितलं. तीन फेऱ्यांत एकदाही वीट पडली नाही. मला स्वतःला ते जमलं नसतं.

"वा!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो एकदम खाली बघायला लागला. किती वर्षांनी मी त्याला चांगलं म्हणत होतो, ते मला आठवेना.

रविवारी सकाळी त्याला पहिल्यांदा रस्त्यावर काढला. तो पुढे, मी मागे. सावद्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. सकाळची वेळ, त्यामुळे ट्रक कमी. दोन-तीन किलोमीटर छान गेले. मी त्याला सांगत होतो, उजव्या बाजूने येणाऱ्याला रस्ता दे, हॉर्न वाजव, सायकलवाल्याच्या फार जवळून जाऊ नको. तो "हो नाना, हो नाना" करत होता. काटा चाळीसच्या पुढे गेला तेव्हा मी काही बोललो नाही. हात बसला होता त्याचा.

पुढे रस्ता अगदी सरळ होता. लांबवर मला एक बैलगाडी दिसली. रस्त्याच्या मध्यावर तिरकी उभी, एका अंगाला कललेली. आस मोडला असावा. बैल सोडून उजव्या बाजूच्या बाभळीला बांधले होते. मला वाटलं, आता हा गाडी हळू करेल. त्याने केली नाही. म्हटलं, थोडं जवळ गेल्यावर करेल, पोराला आपली ऐट दाखवायची असेल. तरीही नाही. मग मी त्याच्या खांद्यावर हात आपटला.

"अरे ब्रेक! ब्रेक लाव!"

"कशाला?"

हा शब्द मी आजही विसरलेलो नाही. त्याने अगदी सहज विचारलं होतं. आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या तोंडून "आई गं" निघालं, त्याने हँडल डावीकडे फिरवलं आणि आम्ही रस्ता सोडून कडेच्या कोरड्या चारीत गेलो. गाडी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. माझं कोपर सोललं, पायजमा गुडघ्यावर फाटला. त्याच्या तळहाताला खरचटलं. गाडी पडली तरी इंजिन चालूच होतं, ते मी उठून बंद केलं.

बैलगाडीच्या पलीकडून एक म्हातारा धावत आला. सत्तरीचा तरी असेल. आधी त्याने मला हात देऊन उठवलं आणि मग मुलाकडे वळला.

"डोये फुटले का रे भो? एवढी मोठी गाडी दिसली नही तुले?"

मुलगा तळहाताची माती झटकत होता. आणि माझा हात वर गेला होता. खोटं कशाला लिहू, मी त्याला मारणारच होतो.

"कुठे लक्ष होतं तुझं?"

"समोरच होतं, नाना. शप्पथ."

"मग गाडी दिसली नाही?"

"दिसली ना. दिसली तशी लगेच वळवली."

"कुठून दिसली?"

त्याने बोट दाखवलं. जिथून चाकाची खूण रस्ता सोडून चारीत उतरली होती, त्याच्या जरासं मागे. बैलगाडीपासून फार तर वीस पावलं.

माझा हात खाली आला. राग गेला नव्हता, पण मी आजूबाजूला बघितलं. रस्त्याच्या कडेला थोड्या अंतरावर मैलाचा दगड होता.

"त्या दगडावर काय लिहिलंय?"

"कुठल्या दगडावर?"

दगड पांढराशुभ्र रंगवलेला होता. डोक्यावर पिवळा पट्टा. मी त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून तिकडे वळवलं. त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "पांढरं काहीतरी आहे. कोंबडी आहे का?"

शेताच्या पलीकडे, विहिरीजवळ, लाल लुगडं नेसलेली एक बाई डोक्यावर कळशी घेऊन येत होती. मी विचारलं, "तिकडून कोण येतंय?"

"कुठून?"

"विहिरीकडून. लाल लुगडं."

तो हसला. त्याला वाटलं, मी त्याची परीक्षा घेतोय, किंवा थट्टा करतोय. "नाना, एवढ्या लांबचं कोणाला दिसतं का?"

म्हाताऱ्याने कपाळावर आडवा हात धरून तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "ती माही सून हाये. पानी घ्याले गेलती."

मुलगा म्हाताऱ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गाडी पडली तेव्हा तो इतका घाबरला नव्हता.

"तुम्हाला दिसते ती? खरंच दिसते?"

"हो."

"सगळ्यांना दिसते?"

मी खाली वाकून गाडी उचलायला लागलो.

हँडल वाकडं झालं होतं. म्हाताऱ्याने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून ते बऱ्यापैकी सरळ करून दिलं. आम्ही दोघांनी त्याची बैलगाडी कडेला लोटायला हात लावला आणि मग मी गाडी चालवत परत निघालो. मुलगा मागे बसला होता. त्याचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट सुटी होऊन वर येत होती.

भुसावळच्या स्टँडवर तो प्रत्येक वेळी कोणालातरी विचारायचा, "ही कुठली गाडी?" आणि मी चारचौघांत ओरडायचो, "पाटी वाचता येत नाही का?" क्रिकेटमध्ये त्याच्या हातून झेल सुटायचे म्हणून पोरं त्याला घ्यायची नाहीत. आणि आठवीतला तो दिवस. मी फळ्यावर गणित घातलं होतं. हा उंच, म्हणून मीच त्याला शेवटच्या बाकावर बसवलेला. शेजारच्या मुलाच्या वहीत डोकं घालून तो उतरवून घेत होता. मी पकडलं. माझाच मुलगा कॉपी करतो म्हणून सगळ्या वर्गासमोर त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं. तो उत्तर चोरत नव्हता. तो प्रश्न उतरवून घेत होता.

घरी बायकोने माझं कोपर पाहून आधी हळद आणली. मग मी तिला सांगितलं. ती तिथेच ओट्याला टेकली.

"मी म्हटलं नव्हतं तुम्हाला? शेजारी टीव्हीला नाक लावून बसतो म्हणून?"

म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. मी म्हणालो होतो, सगळीच पोरं बसतात. पुस्तक तोंडाशी धरून वाचतो असं तिने सांगितलं, तेव्हा म्हणालो होतो, झोपाळू आहे, सरळ बसायला नको.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर त्याने वाचलं, दुसऱ्या ओळीला अडखळला, तिसरी ओळ आहे हेच त्याला कळलं नाही. साडेचार नंबर निघाला, दोन्ही डोळ्यांना. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता त्याला म्हणाले, "आजवर शाळेत कसं भागवलंस रे? वडील काय करतात?"

"शिक्षक आहेत," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत लिहायला लागले. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

चष्मा चार दिवसांनी मिळाला. जळगावहून येताना यावलमार्गे जाणारी एसटी मिळाली. तो खिडकीशी बसला होता. तापीचा पूल ओलांडेपर्यंत नुसता बाहेर बघत होता. पुढे कुठेतरी त्याने माझा हात ओढला.

"नाना, ते निळं काय आहे? पार इकडून तिकडेपर्यंत?"

"सातपुडा."

"हा सातपुडा?" तो जवळजवळ ओरडला. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. "हा आपल्या घरून दिसतो?"

"गच्चीवरून दिसतो. शाळेच्या पटांगणातून दिसतो."

भूगोलाच्या पेपरात त्याने सातपुड्यावर टीप लिहिली होती. उत्तरेला आहे हे त्याला पाठ होतं. पण माणसं उत्तरेला हात करून सातपुडा म्हणतात तेव्हा ती नुसती दिशा दाखवतात, असं तो समजत आला होता. सोळा वर्षं त्या डोंगराखाली राहून. मी तोंड फिरवून दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत बसलो.

मला वाटलं होतं, आता चष्मा आला, आता गाडी चुटकीसरशी येईल. झालं उलटंच. पुढच्या रविवारी त्याला रस्त्यावर नेलं तर वीसच्या पुढे काटा जाईना. समोरून ट्रक येताना दिसला की तो लांबूनच गाडी कडेला घेऊन थांबायचा. कुत्रं दिसलं की ब्रेक. शेतातून रस्त्याकडे येणारं माणूस दिसलं की ब्रेक. मी म्हणालो, "अरे, तो ट्रक अजून अर्धा मैल लांब आहे."

"पण येतोय ना."

"आधी तर तुला भीती नव्हती."

"आधी काही येतंय हेच कळत नव्हतं," तो म्हणाला. "रस्ता रिकामाच असायचा. जे यायचं ते एकदम यायचं."

त्या दिवशी आम्ही केळीच्या बागेजवळ गाडी उभी करून बराच वेळ बसलो. मी त्याच्याशी आठवीतल्या त्या दिवसाबद्दल बोललो. माफी मागायची म्हणून चार दिवस वाक्यं जुळवली होती, ऐन वेळी एकही आलं नाही. एवढंच म्हणालो, "मी तुला उगाच मारलं."

तो चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसत होता. "मलाही वाटायचं की माझं लक्ष नसतं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणायचे ना तसं. मी फार लक्ष द्यायचो हो, नाना. डोकं दुखेपर्यंत द्यायचो. मग वाटायचं, अजून कमीच पडत असेल."

मारलेलं एकवेळ विसरता येईल. पण माझं बोलणं त्याने खरं मानलं होतं. गाडी शिकायला त्याला तो अख्खा मे महिना लागला, आणि जूनचेही काही दिवस.

शाळा उघडली तेव्हा पहिल्याच तासाला मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि एकेकाला शेवटच्या बाकावर बोलावून वाचायला लावल्या. पोरांना तो खेळ वाटला. सहा जणांना वाचता आलं नाही. सहा! त्यांतल्या दोघांना मी आदल्या वर्षी छड्या मारलेल्या होत्या. एक मुलगी होती, ती तर गणितात सुटणारच नाही असं मी मनाशी धरून चाललो होतो. सहाही जणांना मी घरून वडिलांना बोलावून आणायला सांगितलं.

त्या मुलीचे वडील केळीच्या गाड्या भरायला जायचे. दुपारच्या सुट्टीत ते कामावरून तसेच आले, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. वर्गाच्या दाराबाहेर चप्पल काढून उभे राहिले. मी बाहेर आलो, तोंड उघडणार, तोच त्यांनी हात जोडले.

"सर, तिले मारा. किती बी मारा, मी काही म्हननार नही. पन शायेतून काढू नका."

मुलगी त्यांच्या मागे उभी होती. मान खाली. बाप असं म्हणतोय याचं तिला काही विशेष वाटत नव्हतं.

"मारायचं नाही तिला," मी कसंबसं म्हणालो. "तिला लांबचं दिसत नाही."

त्यांना ते कळलं नाही. मी मुलीला माझ्याजवळ बोलावलं, पटांगणाच्या टोकाला खांबावर झेंड्याची दोरी वाऱ्याने हलत होती, ती दाखवली आणि विचारलं, काय दिसतं? ती म्हणाली, काही नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं आणि तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

मीही त्यांच्या शेजारी बसलो. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी आम्ही दोघं तिथेच होतो.