सासूबाईंचा भिंतीवरचा फोटो

मला एका जागी बसता येत नाही. चहा उभ्याने पिते, जेवताना दोनदा उठते, आणि झोपेतही माझे पाय हलतात असं नवरा म्हणतो. धंदाच तसा आहे. बायकांच्या घोळक्यात पुरुष कॅमेरावाला नको असतो, म्हणून हिंगोलीतल्या हळदीच्या आणि डोहाळेजेवणाच्या बऱ्याच ऑर्डरी माझ्याकडे येतात. आज सेनगाव, उद्या कनेरगाव नाका, परवा एखाद्या तांड्यावरचं लग्न. पाठीवर बॅग टाकायची, स्कूटीला किक मारायची आणि घर सासूबाईंच्या हवाली करायचं. मुलीची वेणी, डबा, शाळा, सगळं त्याच बघतात. नवरा तहसिलात कारकून आहे. तो वेळेवर जातो, वेळेवर येतो. घरात वाऱ्यावर असलेली मी एकटीच.

पार्लर ही माझी एकमेव चैन, आणि तीही कामातूनच काढलेली. नवरी तयार होत असताना तिचे फोटो काढायचे असतात. मध्ये खुर्ची रिकामी झाली की पार्लरवाली मला बसवते आणि भुवया करून टाकते. कधी रविवारी मुलीला घेऊन जाते. ती नखांना रंग लावून घेते आणि घरी येईपर्यंत दोन्ही हात हवेत धरून बसते. सासूबाईंना हे अजिबात पटायचं नाही. "देवानं दिलेले केस उपटून घ्यायला रांगा लावतेत बाया," असं त्या शेजारणीला मुद्दाम मला ऐकू जाईल असं सांगायच्या.

त्यामुळे ऐन लग्नसराईत, एका सकाळी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "मला बी घेऊन चाल तुझ्या त्या पार्लरात," तेव्हा मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"आन् मंग माझा एक फोटो काढ. भिंतीवर लावायचा."

आदल्याच आठवड्यात नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांच्या हृदयाची झडप बदलावी लागेल. छाती उघडून करायचं ऑपरेशन. वय झालेलं, त्यात साखर. डॉक्टर बोलताना आमच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते. तेव्हापासून घरात कोणी त्या विषयाचं नाव काढत नव्हतं, आणि आता सासूबाईंनी थेट भिंतच गाठली.

नवरा आतून बाहेर आला. "आई, काहून असं अभद्र बोलून राहिलीस?" मग माझ्याकडे वळला. "अन् तू. खबरदार कॅमेऱ्याला हात लावलास तर."

सासूबाईंनी भाकरी उलटली. "तुझ्या बापाचा फोटो बघ. मतदानाच्या कारडावरचा मोठा केला, तर धुक्यात उभं राहिल्यावानी दिसतेत. मला तसं न्हाई लटकायचं."

त्यांना हे सुचलं, कारण त्यांनी माझं काम पाहिलं होतं. कुणी गेलं की घरचे माझ्याकडे येतात आणि त्यांच्याजवळ धड एक फोटो नसतो. मागे एका बाईचा असा फोटो मी एका हळदीच्या घोळक्यातून कापून काढला होता. तिच्या दोन्ही गालांना हळद फासलेली, तोंड हसून उघडं. ती हळद मी कॉम्प्युटरवर पुसत बसले होते आणि सासूबाई माझ्यामागे उभ्या राहून बघत होत्या. आता म्हणाल्या, "मेल्यावर माझं तोंड तुला धुवाय लागू नये."

मी टाळलं. आज ऑर्डर आहे, उद्या अल्बम द्यायचा आहे, परवा बॅटरी चार्ज नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी तो फोटो काढला म्हणजे त्या जाणार, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. शिकलेली बाई मी, पण त्या दिवसांत मांजर आडवं गेलं तरी स्कूटी थांबवायची. लग्नात नवरीवर फोकस लावताना मध्येच सासूबाईंचा चेहरा आठवायचा आणि बोट बटनावरून सटकायचं. घरी आले की त्या विचारायच्या, "आज?" मी म्हणायचे, "उद्या नक्की, आई."

नांदेडला निघायच्या दोन दिवस आधी त्या स्वतःच स्कूटीजवळ येऊन उभ्या राहिल्या. इरकल नेसलेल्या, हातात रुमाल. नवरा ऑफिसला गेला होता आणि मुलगी शाळेत. "चाल. का रिक्षानं जाऊ?"

पार्लरवाली आम्हाला बघून गडबडली. सासूबाई खुर्चीत बसल्या, आरशात स्वतःकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. दोरा भुवईला लागला तसा त्यांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "मेले, हे पैसे देऊन करून घेता तुमी? एवढी तकलीफ?" तिथे बसलेली एक नवरी खुदकन हसली. मग सासूबाईंनाही चेव आला. तोंडाला काय लावता, केसाला काय लावता, हे यंत्र कशाचं, सगळं विचारून झालं. निघताना पायऱ्यांवर त्या थांबल्या, थोडा दम खाल्ला आणि म्हणाल्या, "तितं कोपऱ्यावर चहा घ्यू का? घाई हाय का तुला?"

कनेरगाव नाक्यावर साखरपुडा होता. मला घाई होती. तरी आम्ही चहा घेतला. त्यांनी कप संपवायला इतका वेळ लावला की मी खुर्चीत चुळबुळत घड्याळ बघत होते.

घरी येऊन मी मागच्या दाराशी, उजेडात, पांढरी चादर लावली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. पदर डोक्यावर, मान ताठ. मी भराभर फोटो काढले. त्यांनीच त्यातला एक निवडला. मी तो लगेच नांदेडच्या लॅबला पाठवला. माझे सगळे अल्बम तिथेच होतात. फोनवर एवढंच बोलले, मोठ्या साइजमध्ये, चांगल्या फ्रेमसकट पाठवा. कोणाचा आणि कशासाठी, हे सांगायला जीभ रेटेना.

ऑपरेशन झालं. पण त्या नीट शुद्धीवर यायला वेळ लावत होत्या. आयसीयूच्या बाहेर बसायला बाकडी होती, पण मी बसले नाही. नुसती येरझारा घालत राहिले, इतकी की एका वॉचमननं विचारलं, "मॅडम, कुछ ढूंढ रहे क्या?" मुलीला शेजारणीकडे ठेवलं होतं. तिला बघून कपडे घेऊन यावं म्हणून नवरा हिंगोलीला गेला.

दुपारी त्याचा मेसेज आला. शब्द एकही नाही, फक्त फोटो. आमच्या ओट्यावर टेकवलेली एक मोठी फ्रेम. त्यात सासूबाई, पदर डोक्यावर, मान ताठ. खाली एका कोपऱ्यात समई, दुसऱ्यात गुलाब, आणि वरती सोनेरी अक्षरांत: भावपूर्ण श्रद्धांजली.

मी भिंतीला टेकून तिथेच खाली बसले. मग लॅबवाल्याला फोन लावून नाही नाही ते बोलले. तो बिचारा हबकला. "ताई, तुमच्याकडून म्हाताऱ्या माणसाचा असा एकट्याचा, पांढऱ्या चादरीवरचा फोटो आला की तो त्याच कामाचा असतो ना? मजकूर तुमी दरवेळी टाकायलाच सांगता. म्हून न विचारता टाकला." त्याचंही खरं होतं. इतकी वर्षं मीच तर त्याला ती सवय लावली होती.

त्यानंतर नवरा माझ्याशी बोलेना. संध्याकाळी आला, डबा दिला, आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. ओरडला असता तर मी झेललं असतं. मी मनात एकच घोकत होते. या आता गेल्या तर ते माझ्यामुळे. मग भिंतीवर फ्रेम नाही, मीच टांगलेली असेन जन्मभर.

त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळे उघडले आणि नर्सला म्हणाल्या, "माझे दात कुटं ठिवले?" मी बाहेर येऊन भर कॉरिडॉरमध्ये हुंदके देऊन रडले. नवऱ्यानं पाण्याची बाटली पुढे केली, पण बोलला नाही.

घरी आणलं, पलंगावर उशा रचून बसवलं. पहिलाच प्रश्न, "फोटो आला का गं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "न्हाई आला."

"आलाय की!" मुलगी म्हणाली. "पप्पांनी कपाटामागं ठिवलाय." आणि आम्ही तिला धरेपर्यंत ती फ्रेम ओढत घेऊन आलीसुद्धा.

सासूबाईंनी चष्मा मागितला. त्या चौथी शिकलेल्या आहेत, अक्षर लावून वाचतात. "भाव... पूर्ण... श्रद्..." पुढचं त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनी बोटानं खालची ओळ चाचपली. तिथे जन्म आणि मृत्यू असं छापलेलं होतं आणि पुढे दोन्हीकडे मोकळी जागा होती.

"तारखेची जागा रिकामीच हाय की," त्या म्हणाल्या. "बराबर हाय. घाई काय हाय?"

नवऱ्याच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज निघाला, मग तो हसायला लागला, आणि हसता हसता आईच्या पायाशी बसून रडायला लागला. मुलगीही हसली. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "चहा टाकू का तुला?" कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोललेले त्याचे ते पहिले शब्द होते.

संध्याकाळी मी त्यांचे केस विंचरत होते. डॉक्टरांनी हात वर उचलायला बंदी केली होती, म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, "आई, माफ करा. तो फोटो काढायलाच नको होता."

"फोटोचं काय घिऊन बसलीस," त्या म्हणाल्या. "मला लय भ्या वाटत व्हतं गं. रातंदिस तुझ्याजवळ बसावं वाटायचं. पर तू घरात ठरतच न्हाईस. नुसतं बस म्हटलं असतं तर बसली असतीस का? म्हून म्हटलं, तुझ्या कामाचंच काही तरी काढावं, म्हंजी तरी तेवढा येळ माझ्यासंग ऱ्हाशील."

केसांतला गुंता कधीच सुटला होता. मी तशीच विंचरत बसले.