चित्रातला माणूस रिजेक्ट केला, त्याची गोष्ट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की हसणारा माणूस मी. चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीत आहे, मापात बसेल तेच खरं मानायची सवय... तरीही हे लिहितोय.

आमच्या रिसेप्शनमध्ये मालकांनी एक ऑइल पेंटिंग लावलंय. एकोणिसाव्या शतकातलं, ओरिजिनल. इंद्रायणीकाठचं गाव — घाट, कौलांवरून निघालेला चुलीचा धूर, पैलतीराला चाललेली नाव, आणि पाण्यावर असं सकाळचं ऊन की आपोआप डोळे बारीक व्हावेत. मी लातूरकडचा, टँकरच्या पाण्यावर वाढलेला. चहाच्या सुट्टीत रोज जाऊन बघायचो. जीव जडला होता त्या चित्रावर.

शेवटच्या पायरीवर एक पागोटेवाला पाठमोरा बसलेला. गेटवरचे सिक्युरिटी ज्ञानोबामामा त्याच काठच्या जुन्या गावातले. म्हणायचे, “आमचाच घाट हाय ह्यो. अन् ह्यो बसलाय ना, त्यो म्या!” ड्युटी सुटल्यावर ते खरंच त्या घाटावर जाऊन बसत.

एकदा माझ्या लक्षात आलं — बायका, गुरं, नाव, सगळ्यांचं प्रतिबिंब पाण्यात होतं. फक्त या पागोटेवाल्याचं नव्हतं. आमच्याकडे फॉल्ट सापडला की लाल बाणाचा स्टिकर लावतात, म्हणजे पीस रिजेक्ट. रोल खिशात होताच. मी चित्राच्या काचेवर, त्याच्याकडे रोखून बाण चिकटवला. “मामा, तुम्ही रिजेक्ट!”

सगळे खो खो हसले, मामा सोडून. “काढा राव त्ये. अशी चेष्टा बरी न्हाई.”

मी मुद्दाम काढला नाही. त्यांचं घाबरलेलं तोंड बघायला मजा वाटत होती मला... हे कबूल करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी बाण रिकाम्या पायरीकडे रोखलेला होता. माणूस गायब! मामाही ड्युटीवर आले नाहीत. घाटावर नुसत्या चपला सापडल्या. तीन दिवस नदीत शोधाशोध चालली.

चौथ्या दिवशी मला राहवेना. लाल काढून पिवळा लावला. पिवळा म्हणजे रिवर्क — दुरुस्त करून परत घ्या. जेवणाची सुट्टी संपायच्या आत फोन आला, मामा चालत घरी आले. मी धावत रिसेप्शनला गेलो. पागोटेवाला जागेवर होता. आता पाण्यात त्याचं प्रतिबिंबही होतं, बोट ठेवायला जागा नाही असं.

महिन्याने मामी गेटवर आल्या. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत मारतील.

“मला म्हनत्यात, बाई तुमी कोन?” त्या म्हणाल्या. “लेकीला बी वळखत न्हाईत. दिसभर पायरीवर बसून ‘नाव कवा येनार’ इचारत्यात. नाव बंद हून किती वरसं झाली, सायेब... हात लावला तर गारढोण लागत्यात.” मग अगदी हळू विचारलं, “ती लाल चिकटी हाय का अजून तुमच्यापाशी?”

रोल खिशातच होता. “नाही,” मी म्हणालो.

हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. मामी रोज पहिली शिफ्ट सुटताना गेटवर येऊन उभ्या राहतात. माझ्या खिशाकडे बघतात.