कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा

“त्यात काय बघायचंय?” असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवायचे. चष्मा वर गेला की विषय संपला.

तुमच्या सोसायटीतही असे एक गृहस्थ असतील. पुण्यातल्या वारज्यात आमच्याकडे हे होते. एका कारखान्याच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेले, आणि आता सुटे भाग आणून घरोघरी कॉम्प्युटर जोडून देणारे. त्यांना कुणी बोलवावं लागत नसे. नवा कॉम्प्युटर घ्यायचाय, एवढं जिन्यात बोललं की संध्याकाळी ते दारात हजर.

प्रोसेसर निवडताना ते चार-चार दुकानं पालथी घालत. पॉवर सप्लाय, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला सोसेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा, मात्र हे सगळं ज्यात बसतं त्या कॅबिनेटबरोबर फुकट येईल तो. आमचा कॉम्प्युटर जोडताना मी तो हातात घेऊन म्हटलं, “अहो, हा आतून रिकामा वाटतोय.”

“साडेचारशे वॅट लिहिलंय त्यावर. वाचता येतं ना तुम्हाला?”

“लिहायला काय, हजारही लिहितील.”

“मग तुम्ही लिहीत बसा. मी जोडतो.”

तळमजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. अंध मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतात. त्यांचा कॉम्प्युटरही यांनीच जोडलेला. उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली, परत आली, आणि बाईंच्या खोलीत जळका वास पसरला. सप्लाय गेला तो हार्ड डिस्कला सोबत घेऊन. नववीचं अख्खं विज्ञान तिच्यात होतं. दुसरी कॉपी नव्हती, कारण कॉपीची काही गरज नाही, असं या गृहस्थांनीच ठणकावून सांगितलेलं.

ते खाली आले. मागोमाग मीही गेलो.

“वारज्यातली लाईनच खराब आहे,” त्यांनी सुरुवात केली.

“फुकट आला होता ना?” बाई म्हणाल्या. “फुकट गेला.” आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

त्यांनी डबा उघडला. आतल्या पट्टीवर कितीतरी भागांच्या जागा आखलेल्या होत्या आणि त्या जागांवर काहीच बसवलेलं नव्हतं. एका मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. “इथे काहीतरी असायला हवं होतं,” ते हळूच म्हणाले. आपल्याला ठाऊक नसलेलं काही जगात आहे, ही कबुली मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली.

मध्ये काही दिवस ते कुणाला दिसले नाहीत. मग बाईंकडे विटेसारखा जड सप्लाय घेऊन आले. डब्यावर वॅट किती लिहिलेत यापेक्षा तापल्यावरही तो सलग किती देतो ते बघायचं, सगळे भाग मिळून जेवढी वीज ओढतात त्यावर थोडी शिल्लक ठेवायची, असं ते समजावू लागले.

“मला कशाला सांगताय?” बाई म्हणाल्या. “वरच्या मजल्यांवर सांगा. तिथेही तुम्हीच जोडलेत.”

आणि ते गेले. दर रविवारी दोन-तीन घरं. माफी कुणाचीच मागितली नाही. आमच्याकडे तर “बाजूला व्हा, तुम्हाला यातलं कळत नाही,” म्हणूनच आत शिरले. त्यांनी जुना डबा काढायला घेतला. स्क्रू दोनदा खाली पडला, तो मी उचलून दिला. बायकोने चहा विचारला तर म्हणाले, “नको. वरचा मजला राहिलाय अजून.”

बाईंनी विज्ञान पहिल्या धड्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. तेवढा वेळ हे त्यांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसत, “आत रेकॉर्डिंग चाललंय. कळत नाही का?”

गेल्या वर्षी ते गेले. शोकसभेत चेअरमननी त्यांच्या अफाट ज्ञानावर लांबलचक भाषण केलं. मग बाई उठल्या.

“त्यांना फारसं कळत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पण चूक झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात आलेला माणूस मी हा एकच पाहिला.”

त्या बसल्या. त्यांच्यानंतर जे बोलणार होते, त्यांनी आपले कागद घडी करून खिशात ठेवले.