उलट बोलण्याचा प्रश्न

रोडपालीची रुचिरा पनवेलच्या एका कॉलेजात व्यवस्थापन शिकवायची. चाळिशी जवळ आली होती, तरी पीएचडीचा पिच्छा सोडला नव्हता. विषय असा, की कारखान्यातला माणूस वरिष्ठांसमोर आपलं मत मांडतो का. जर्मनीत वापरलेली इंग्रजी प्रश्नावली तिने स्वतः मराठीत आणली, तळोज्यातल्या कामगारांकडून भरून घेतली. ती उत्तरं जर्मन कामगारांच्या उत्तरांशेजारी ठेवली तर निघालं काय? इथला कामगार तोंडच उघडत नाही.

तिला ते पटेना. तिचे वडील तळोज्यातच पाळीवर जायचे, आणि गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण आकड्यांपुढे वडिलांचं कोण ऐकणार? शेवटी तिने ठरवलं, काही जणांना पुन्हा भेटायचं आणि प्रश्न वाचताना मनात काय आलं तेवढंच विचारायचं.

त्यांतली ओवे गावची रंजिता पॅकिंगला होती. चहा पिता पिता म्हणाली, "झाकणं नीट बसत नव्हती ना, तवा मी सायबाला बोलले, आधी मशीन बंद करा. केली त्याने."

रुचिराने कप खाली ठेवला. "मग 'मी साहेबांना उलट बोलते' याला तुम्ही 'कधीच नाही' का म्हणालात?"

"ओ मॅडम, उलट कशाला बोलू? आमी काय उद्धट हाय?"

रुचिराने तो प्रश्न पुन्हा वाचला. 'असहमती दर्शवणे' जड वाटलं म्हणून तिनेच 'उलट बोलणे' घातलं होतं. तिकडच्या कामगाराला विचारलं होतं, तू मत मांडतोस का. इकडच्याला, तू उद्धट आहेस का, असं.

ती घरी आली ती धास्तावूनच. सगळंच वाया गेलं असलं तर? प्रश्न तिने नव्याने लिहिला: 'साहेबांचं म्हणणं पटलं नाही, तर मी तसं सांगते.' मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या एका मैत्रिणीकडून तो परत इंग्रजीत करून घेतला. तो मूळ प्रश्नाशी जुळला. मग वेगळ्या कामगारांकडून नव्या प्रश्नासह प्रश्नावली भरून घेऊन सगळं तिने मार्गदर्शकांपुढे ठेवलं.

कृष्णकांत सर बराच वेळ स्क्रीन खालीवर करत राहिले.

"बाकीचे प्रश्न दोन्हीकडे सारखेच चालतायत," ते म्हणाले. "बिघडलेला तो एकच. जुन्या उत्तरांतून काढा, का काढला ते लिहा. तुलना उभी राहते."

"म्हणजे पहिल्यापासून नाही करायचं?"

"अहो, नाही! फक्त तो निष्कर्ष खोडा. नव्या उत्तरांत दिसतंयच, इथले लोक बोलतात."

बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन लावला आणि ती रडायलाच लागली.

"अगं, काय झालं? बरी आहेस ना?" प्रणित घाबरला.

"बरी आहे," ती डोळे पुसत हसली. "खूप भूक लागलीय रे."